मितभाषी महात्माजी



स्मरणिकेसाठी कोणा थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्यावे, असे आपल्या चिटणीसबाईंनी मला सांगितले. मी शिकलेली सातवी. महात्मा गांधींचे समग्र चरित्र लिहावयाचे म्हटले तर ते माझ्यासारखीला कसे झेपावे? मोठमोठ्या विद्वानांनी ते लिहिलेले आहे. म्हणून मी त्यांच्या आयुष्यातला एकच धागा धरला आहे. हा माणूस थोडे बोले, थोडके लिही, आणि तरीही लाखो माणसांकडून काम करवून घेई. ते त्यांना कसे साधले, आणि कोठे साधले नाही, एवढेच मी सांगणार आहे.

हा विषय निवडण्यास कारण आहे. यंदा आपल्या मंडळाची नवी कार्यकारिणी निवडावयाची आहे. पूर्वी हळदीकुंकू असो की उन्हाळ्यातले पापडांचे काम असो, कोणीतरी दारोदार जाऊन बायकांना सांगून येत असे. आता फोनवर चार शब्दांची सूचना येते. वाचणाऱ्या अंगठ्याचे चित्र पाठवतात आणि कामाला येत नाहीत. गेल्या उन्हाळ्यात दोनशे पापडांच्या पुड्या करावयाच्या होत्या आणि लाटणे घेऊन आल्या जेमतेम सात जणी! त्यावरून किती धुसफूस झाली ती आपण सर्वजणी जाणतोच. कोणी म्हणाल्या, सूचना नीट सविस्तर द्याव्या. कोणी म्हणाल्या, एवढे लांबण वाचतो कोण? मला वाटले, ज्याने चिठ्ठ्याचपाट्या लिहून एवढे मोठे राज्य हलवले, त्याच्याकडे ह्या प्रश्नाचे काही उत्तर असेल तर पाहावे.

मोहनदास करमचंद गांधी यांचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ रोजी काठेवाडात पोरबंदर येथे झाला. लहानपणी मुलगा इतका लाजाळू की शाळा सुटली की कोणी आपल्याशी बोलेल ह्या भीतीने धावत घर गाठावयाचा. १८८८ साली बॅरिस्टर होण्यासाठी ते विलायतेस गेले. तेथे शाकाहारी मंडळींच्या समितीवर त्यांची निवड झाली, पण बैठकीत तोंड म्हणून उघडेना. एकदा एका वादाच्या प्रश्नावर आपले म्हणणे त्यांनी कागदावर लिहून नेले, तर तो कागदही वाचवेना. शेवटी अध्यक्षांनी तो दुसऱ्याकडून वाचून घेतला. परत निघताना स्नेह्यांना जेवण दिले, त्या वेळी भाषण घोकून ठेवले होते. पहिले वाक्य बोलून झाले आणि पुढचे सारे विसरले. कसेबसे आभार मानून खाली बसले. १८९१ साली मुंबईस येऊन वकिली सुरू केली, तर स्मॉल कॉज कोर्टातल्या पहिल्याच खटल्यात उलटतपासणीला उभे राहताच पाय लटपटू लागले. काही सुचेना तेव्हा अशिलाचे तीस रुपये परत करून चालते झाले.

आपल्या मुलाचे असे झाले तर आपण नवस बोलू. पुढे आत्मचरित्रात मात्र त्यांनी ह्या भिडस्तपणाचे उपकारच मानले आहेत. त्याच्यामुळे शब्द जपून वापरण्याची सवय लागली, असे त्यांनी लिहिले आहे. मला हे फार पटते. जन्मजात वक्त्याला ही सवय लावून घेणे कठीण जाते.

१८९३ ते १९१४ हा त्यांचा काळ मुख्यतः दक्षिण आफ्रिकेत गेला. तेथे अन्यायाने त्यांना बोलते केले. वर्तमानपत्र चालवले, सत्याग्रह केला, तुरुंग भोगला. ते सर्व प्रसिद्ध आहे. १९१५ च्या जानेवारीत ते मुंबई बंदरात उतरले, तेव्हा नामदार गोपाळ कृष्ण गोखल्यांनी त्यांच्याकडून एक वचन घेतले. एक वर्ष देश हिंडून पाहावा, आणि तोपर्यंत सार्वजनिक प्रश्नांवर मत देऊ नये. गोखले फेब्रुवारीतच निवर्तले, पण गांधीजींनी ते वर्ष पाळले. आगगाडीच्या तिसऱ्या वर्गातून देश पाहिला आणि ऐकून घेतले. पुढे ते जे मोजके बोलू लागले, त्याच्यामागे हे ऐकणे होते, असे मला वाटते.

आता चंपारणची हकीकत जरा सविस्तर सांगते, कारण तीत आपल्या महाराष्ट्रातल्या बायका आहेत.

१९१७ साली बिहारमधल्या चंपारण जिल्ह्यात निळीच्या मळेवाल्यांनी शेतकऱ्यांना गांजले होते. गांधीजी तेथे गेले तेव्हा मोठमोठे वकील मदतीस आले. त्यांस गांधीजींनी सांगितले की मला तुमचे कायद्याचे ज्ञान फारसे नको, लिहून घेणारे हात हवेत, आणि वेळ आली तर तुरुंगात जाण्याची तयारी हवी. एवढेच. मग ह्या वकिलांनी हजारो शेतकऱ्यांच्या जबान्या लिहून घेतल्या. प्रत्येकाला उलटसुलट प्रश्न विचारावयाचे, जे टिकणार नाही ते लिहावयाचे नाही. प्रत्येक वकिलाचा आचारी वेगळा होता. गांधीजींच्या सहवासात ते सर्व एका स्वयंपाकात जेवू लागले. ह्यासाठी त्यांनी तासभर व्याख्यान दिल्याचे कोठे वाचनात आले नाही.

जिल्हा सोडून जाण्याचा हुकूम मोडला म्हणून १८ एप्रिलला मोतिहारीच्या कोर्टात त्यांना उभे केले. सरकारी वकील लढण्याच्या तयारीने आला होता. गांधीजींनी एक छोटेसे निवेदन वाचले आणि हुकूम मोडल्याचे कबूल केले. आता खटला चालवावयाचा कशावर? मॅजिस्ट्रेटने निकाल पुढे ढकलला, आणि शिक्षा होण्याआधीच सरकारने खटला काढून घेतला.

पुढे तेथल्या खेड्यांत शाळा काढावयाचे ठरले. त्यासाठी मुंबईहून अवंतिकाबाई गोखले व त्यांचे यजमान बबनराव गेले, पुण्याहून आनंदीबाई वैशंपायन गेल्या. कस्तुरबा होत्या, महादेवभाई देसाईंच्या पत्नी दुर्गाबेन होत्या. आमच्या बायांना हिंदी कोठले येणार? त्यांनी शंका काढली. गांधीजींनी समजावले की व्याकरण नाही शिकवता आले तरी चालेल, मुलांना स्वच्छता आणि चांगली वागणूक शिकवा. अक्षरांचे म्हणाल तर मराठी, हिंदी, गुजरातीत फार अंतर नाही. झाले! बाया कामाला लागल्या, आणि ह्या बायांचे वर्ग उत्तम चालले असे गांधीजींनीच पुढे नमूद केले आहे.

औषधांचेही असेच. खेड्यांत रोगराई फार. भारत सेवक समाजाचे डॉक्टर देव देखरेखीस होते, पण गावोगावी डॉक्टर कोठून आणावा? तेव्हा तीनच औषधे ठेवावयाची ठरली: एरंडेल, क्विनीन आणि गंधकाचे मलम. जीभ पांढरी असली किंवा पोट साफ नसले तर एरंडेल. ताप असला तर आधी एरंडेल देऊन मग क्विनीन. खरूज व फोडांवर जागा स्वच्छ धुऊन गंधकाचे मलम. औषध घरी न्यावयास द्यावयाचे नाही, आणि ह्यांत न बसणारे दुखणे दिसले की डॉक्टर देवांना कळवावयाचे. पाहा, किती थोडक्यात सांगितले आणि तरी काही राहिले नाही. काय द्यावे, केव्हा द्यावे, काय करू नये, आणि आपल्याला उमगेना तर कोणाकडे जावे. सूचना आखूड असावी ती अशी. आपली फोनवरची सूचना आखूड असते, पण पीठ कोणी आणावयाचे आणि पोळपाट कोणाचे, ते तीत नसते.

ह्याच चंपारणात आखूड सूचनेची दुसरी बाजूही दिसली. भितिहरवा गावाजवळच्या एका लहान गावात बायकांची लुगडी मळलेली पाहून, तुम्ही धूत का नाही हे विचारावयास गांधीजींनी कस्तुरबांना सांगितले. एका बाईने कस्तुरबांना आपल्या झोपडीत नेऊन दाखवले. ना पेटी, ना कपाट. अंगावर एकच लुगडे, ते धुवावयाचे तर नेसावयाचे काय? स्वच्छ राहा हे सांगणे किती सोपे! ही हकीकत कस्तुरबांनी येऊन सांगितली आणि गांधीजींनी ती आत्मचरित्रात घातली. भितिहरव्याची गवती शाळा एके रात्री जळाली, तेव्हा बेळगावचे सोमण यांनी कस्तुरबांसह राहून, स्वतः खपून, पक्की इमारत उभी केली.

अवंतिकाबाई चंपारणहून परतल्या आणि १९१८ साली त्यांनी मुंबईत हिंद महिला समाज काढला. गांधीजींचे पहिले मराठी चरित्रही त्यांनीच लिहिले, आणि त्यास लोकमान्य टिळकांची प्रस्तावना आहे. आपल्यासारखे मंडळ चालवणारी बाई ही महात्माजींची पहिली मराठी चरित्रकार, हे वाचून मला किती आनंद झाला म्हणून सांगू!

१९२० साली लोकमान्य गेले. त्याच वर्षी नागपूरच्या अधिवेशनात काँग्रेसची घटना नवी झाली आणि चार आणे देईल तो सभासद असे ठरले. १९२१ च्या वसंतात बेझवाड्यास काँग्रेसने देशाला तीन आकडे दिले. ३० जूनपर्यंत टिळक स्वराज्य फंडासाठी एक कोटी रुपये, एक कोटी सभासद आणि वीस लाख चरखे. शहाण्या मंडळींना हे पोरकट वाटले असेल. पण खेड्यातल्या माणसाला आपण काय करावयाचे ते समजले. बायकांनी अंगावरचे दागिने उतरून दिले, आणि रुपयांचा आकडा तरी गाठला गेला.

आता जेथे साधले नाही ते. १९२२ च्या फेब्रुवारीत चौरीचौरा येथे जमावाने पोलीस ठाणे पेटवले आणि आतले पोलीस मारले गेले. गांधीजींनी बार्डोलीस कार्यकारिणी बोलावून सारी चळवळच थांबवली. ज्यांनी त्यांच्या शब्दावर वकिली सोडली, कॉलेजे सोडली, ते तुरुंगात बसले होते. त्यांना ही बातमी बाहेरून कळली. मोतीलाल नेहरू, लाला लजपतराय संतापले, तरुण जवाहरलाल तर फार दुखावले. निर्णय चूक की बरोबर हे ठरवावयास मी लहान आहे. पण ज्यांना इतके सोसावे लागले त्यांना आधी विश्वासात घेतले गेले नाही, एवढे तर खरेच. जवाहरलालांना मग गांधीजींनी चिठ्ठी पाठवली नाही. चांगले लांब पत्र लिहून, असे का केले ते एकेक करून समजावले. तरी पुष्कळांच्या मनातली अढी लवकर गेली नाही.

मला सर्वांत आवडलेला भाग आता येतो. १९२६ च्या डिसेंबरात गांधीजी साबरमतीचा आश्रम सोडून दौऱ्यावर निघाले. वर्ध्यापासून त्यांनी आश्रमातल्या बायकांना दर सोमवारी एक पत्र पाठवावयास सुरुवात केली. सोमवार त्यांचा मौनाचा दिवस. तीन वर्षे हा क्रम चालला. त्यात १९२७ साली महाराष्ट्राच्या दौऱ्यात कोल्हापूरकडे त्यांची प्रकृती ढासळली, विश्रांतीसाठी नंदी टेकडीवर राहावे लागले, पुढे सिलोन झाले, १९२९ मध्ये ब्रह्मदेश झाला. पत्रे चालूच राहिली. आपल्या साताऱ्याकडचे काकासाहेब कालेलकर यांनी पुढे ती पुस्तकरूपाने संपादित केली.

ही पत्रे अगदी लहान आहेत. एका पत्रात एक-दोन गोष्टी, फार झाले तर तीन. स्वयंपाकघर, कोठार, सूतकताई, प्रार्थनेची हजेरी, दागिन्यांचा मोह, चोरांची भीती, आपसांतले रुसवे. म्हणजे आपलेच विषय! आश्रमात एकत्र स्वयंपाक करावयाचे ठरले, तेव्हा निरनिराळ्या घरच्या, निरनिराळ्या चवीच्या बायकांना तो चालवावा लागला. ज्या बाईने कधी दुसरीच्या हाताखाली भाजी चिरली आहे, तिला ह्यातल्या अडचणी सांगावयास नकोत. गांधीजी शेकडो मैलांवर होते. प्रत्येक भांडण ते सोडवणार कसे? ते एखादी गोष्ट सुचवीत आणि बाकीचे बायकांवर सोपवीत. पण पुढच्या सोमवारी पुन्हा पत्र येई, आणि मागच्या गोष्टीची विचारपूस त्यात असे. मला वाटते, सारा जोर ह्या पुढच्या सोमवारात आहे. एकच चिठ्ठी धाडून गप्प बसणारा पुढारी आणि दर आठवड्यास न चुकता विचारणारा पुढारी, ह्या दोघांचे शब्द सारखेच थोडे असले तरी माणसे वेगळी वागतात.

ह्यावरून गांधीजींनी कमी लिहिले असे मात्र कोणी समजू नये. त्यांच्या समग्र लेखनाचे शंभर खंड आहेत! थेंबे थेंबे तळे साचले आहे.

१९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला. आधी जानेवारीत त्यांनी सरकारपुढे अकरा मागण्या ठेवल्या होत्या. दारूबंदी, शेतसारा निम्मा, लष्कराचा खर्च निम्मा, अशा. त्यांतली मिठावरचा कर काढण्याची एक त्यांनी हाती धरली. अकरा कलमे पाठ करणे कोणाला जमते? मीठ मात्र प्रत्येक चुलीशेजारी असते. १२ मार्चला साबरमतीहून निघून ५ एप्रिलला ते दांडीस पोहोचले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मीठ उचलले. त्या यात्रेत त्यांनी बायकांना घेतले नव्हते, आणि त्यावरून बायका रागावल्याही होत्या. पुढे एप्रिलमध्येच त्यांनी बायकांना दारूच्या व परदेशी कापडाच्या दुकानांवर निरोधनाचे काम दिले. मग मुंबईत बायका अशा बाहेर पडल्या की पोलिसांची धांदल उडाली. अवंतिकाबाईही तुरुंगात गेल्या.

मे महिन्यात गांधीजींना पकडून पुण्यास येरवड्याला ठेवले. तेथून दर मंगळवारी सकाळी प्रार्थनेनंतर ते आश्रमाला एका एका व्रतावर छोटे प्रवचन लिहून पाठवीत. मंगलप्रभात म्हणून ते प्रसिद्ध आहे. सोमवारचे मंगळवार झाले, पण नेम मोडला नाही.

येथे एका माणसाचे नाव घेतल्यावाचून पुढे जाणे मला बरे वाटत नाही. महादेवभाई देसाई १९१७ पासून पंचवीस वर्षे गांधीजींचे चिटणीस होते. आलेली पत्रे वाचणे, नकला ठेवणे, भाषांतरे करणे, पाहुण्यांना थोपवणे, आणि वर रोजनिशी लिहिणे. गांधीजी १९३६ साली शेगावी, म्हणजे आताच्या सेवाग्रामला, राहावयास गेले, तेव्हा सुरुवातीस महादेवभाई वर्ध्याहून रोज पायी जात आणि पायी परत येत. वैदर्भी उन्हाळा काय असतो ते तिकडच्या माहेरवाशिणींना विचारा. गांधीजींची चिठ्ठी दोन ओळींची असे. तिच्यामागे महादेवभाईंचा सारा दिवस असे. पुढारी थोडे बोलतो तेव्हा बाकीचे कोणीतरी निस्तरत असते, हे आपण विसरतो. १९४२ च्या ९ ऑगस्टला दोघांनाही मुंबईस पकडून पुण्याच्या आगाखान महालात ठेवले. १५ ऑगस्टला महादेवभाई तेथेच वारले. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबाही त्याच महालात गेल्या. दोघांच्या समाध्या तेथे शेजारी आहेत. पुण्यास सहल गेली तर पाहून याव्या.

सोमवारच्या मौनाला गांधीजींनी दोन सवलती ठेवल्या होत्या. रुग्णाची शुश्रूषा करावयाची असेल, किंवा मोठ्या अधिकाऱ्याशी तातडीचे बोलणे असेल, तर मौन सोडावे. २ जून १९४७ हा सोमवार होता. देशाच्या फाळणीची योजना व्हाइसरॉय माउंटबॅटन यांनी त्या सकाळी पुढाऱ्यांपुढे ठेवली होती. फाळणी गांधीजींना मुळीच मान्य नव्हती. ते दुपारी भेटीस आले. आता हा म्हातारा काय बोलतो ह्याची व्हाइसरॉयना धास्ती होती. गांधीजींनी ओठांवर बोट ठेवले, आणि वापरलेल्या पाकिटांच्या पाठीवर पेन्सिलीने लिहून दिले की आज माझे मौन आहे. एकदोन गोष्टी बोलावयाच्या आहेत, पण आज नव्हे.

सवलत असताना त्यांनी ती का घेतली नाही? मी ह्यावर पुष्कळ विचार केला. तोवर त्यांच्याच माणसांनी फाळणी पत्करली होती, आणि त्यांना अडवून काँग्रेस फोडावयाची त्यांची तयारी नसावी, असे मला वाटते. व्हाइसरॉय सुटल्यासारखे झाले. पण ज्यांची घरेदारे त्या रेषेपलीकडे होती, त्यांनी त्या दिवशी गांधीजींनी बोलावे अशी आशा धरली असेल, तर त्यांना काय वाटले असेल? मौनाचा अर्थ ज्याचा त्याने लावावयाचा असतो, आणि इथे तो ज्यांना सोयीचा होता त्यांनी लावून घेतला.

पुढचे सहा-सात महिने कलकत्ता आणि दिल्लीत दंगे शमवण्यात गेले. तेथे चिठ्ठ्यांनी भागले नाही. उपास करावे लागले, लोकांच्या घरी जावे लागले. जानेवारी १९४८ मध्ये ते दिल्लीस बिर्ला भवनात राहत होते. पंडितजी आणि सरदार पटेल ह्यांच्यात त्या वेळी मतभेद वाढले होते. ३० तारखेस शुक्रवारी दुपारी चारच्या सुमारास सरदार आपली कन्या मणिबेन हिला घेऊन भेटीस आले. गांधीजींची प्रार्थनेची वेळ पाचची. घड्याळाच्या बाबतीत ते इतके काटेकोर की एक मिनिटाचा उशीर झाला तरी हळहळत. पाच वाजले तरी सरदारांशी बोलणे संपेना. जवळच्या मुलींना मध्ये बोलण्याचा धीर होईना. आभाने त्यांच्यापुढे घड्याळ धरले, तरी ते ऐकतच होते. शेवटी उठले, आणि मनू व आभा ह्यांच्या खांद्यांवर हात ठेवून झपाझप हिरवळीवरून प्रार्थनेच्या जागेकडे निघाले, तेव्हा पाच वाजून दहा मिनिटे होऊन गेली होती.